सहा थांब्यांची वाट : देवराईतल्या एका शनिवारचं प्रकरण

गाव, शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आहेत. तिथल्या जिल्हा परिषदेच्या तीन शाळांनी मिळून केलेल्या एका दिवसाची ही हकीकत. एक सातवीपर्यंतची केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली (‘केंद्रा’तली) मुख्य शाळा, आणि वाड्यांवरच्या दोन चौथीपर्यंतच्या शाळा. त्यातल्या एकीत अकरा मुलं, दुसरीत नऊ. मी या भागात समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबर शिकता यावं यासाठीची, विशेष शिक्षिका म्हणून फिरते. एका शाळेच्या वाट्याला माझा आठवड्यातला एखादा दिवस येतो, तोही एसटी वेळेवर आली तर.

केंद्रशाळेपासून पावणेदोन किलोमीटरवर देवराई आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान, त्याला कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शहरातल्या लोकांना हा शब्द माहीत झाला. इथल्या माणसांना तो कुणी सांगावा लागला नाही. आजूबाजूचे उतार उघडे पडले तरी ही राई उभी आहे आणि तिच्या पायथ्याचा ओढा मार्चपर्यंत वाहतो. परिसर अभ्यास शिकवायला याहून चांगली जागा तालुक्यात नसेल.

तिसरी ते सातवीच्या मुलांना दरवर्षी फेब्रुवारीत तिथं नेत. एसटी ठरवायची नाही, वरून परवानग्या आणायच्या नाहीत. चालत जायचं, चालत यायचं, आल्यावर खिचडी खायची. शनिवारी पुस्तकांऐवजी उपक्रम घ्यायचा ‘आनंददायी शनिवार’ हा सरकारी कार्यक्रम आल्यापासून तर अशा भेटीला वेळापत्रकातच जागा मिळाली.

एका फेब्रुवारीतल्या शनिवारी मी, भेट आहे हे माहीत नसताना, शाळेत पोचले. वर्ग रिकामे होते. व्हरांड्यात स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्या शेजारी तिसरीतला एक मुलगा पाय पसरून ताटल्या मोजत बसला होता. दोन्ही पायांना कॅलिपर (उभं राहायला आधार देणाऱ्या पट्ट्या), वॉकर भिंतीला टेकवलेला. “सगळी राईला गेलीत,” तो म्हणाला. “मी खिचडी राखतोय.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कामाला लावलेल्या माणसाची ऐट होती, आणि मला तीच जास्त लागली.

सोमवारी वर्गानं ‘आम्ही पाहिलेली देवराई’ या विषयावर दहा ओळी लिहिल्या. त्यानंही लिहिल्या, शेजारच्याला विचारून. गुरुजींनी वहीत ‘छान’ असा शेरा दिला.

अडचण नेमकी काय होती

इथं एक गोष्ट आधीच सांगते. त्याला शाळेत ठेवणारे गुरुजी बेपर्वा नाहीत. याच गुरुजींनी त्याच्यासाठी मुतारीत पाइपचा कठडा स्वतःच्या पैशानं बसवून घेतला होता. त्यांनी त्याच्या आईला विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, “नका नेऊ, पडंल कुठंतरी.” गुरुजींनाही त्याला त्रास व्हायला नको होता. म्हणजे जे झालं ते सगळं मायेपोटी झालं. दुर्लक्ष झालं असतं तर भांडता आलं असतं. मायेशी भांडायचं कसं?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीनं शिक्षण द्यावं असं आहे, आणि त्याच वाक्यात खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही आहेत. हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, कलम बरोबर आहे हो, पण वाट चढाची आहे.”

मग मी त्या दिवसाची हजेरी मागितली. तिसरी ते सातवीच्या पटावर बावन्न मुलं होती, देवराईला एक्केचाळीस गेली. उरलेल्या अकरांत हा मुलगा. चौथीतली एक मुलगी : जन्मापासून अंगात रंगद्रव्य नाही, केस-भुवया पांढऱ्या, डोळे सारखे थरथरतात, उन्हात तिला जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून आईनं घरीच ठेवलेली. पाच कातकरी मुलं दिवाळीनंतरच आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली. दोघांना ताप. आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलींच्या नावापुढे नुसतं ‘गैरहजर’. त्या दोघींबद्दल मी तेव्हा काही विचारलं नाही.

शिवाय गेलेल्या एक्केचाळिसांतला एक पाचवीतला मुलगा. कानामागे यंत्र लावतो, ओठ वाचून बरंच समजून घेतो. राईत काय पाहिलंस असं त्याला विचारलं. त्यानं वळून स्वतःच्या पाठीवर हात आपटून दाखवला. गुरुजींची पाठ. पायवाटेवर रांगेनं चालताना गुरुजी पुढे तोंड करून सांगत राहिले होते.

तेव्हा ठरलं की पुढची भेट बावन्नच्या बावन्न मुलांची करायची. म्हणायला सोपं.

समोरचे पर्याय

जुलैत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेतला. एव्हाना ताटल्या मोजणारा चौथीत, पांढऱ्या केसांची पाचवीत आणि यंत्रवाला सहावीत गेला होता. चर्चा बहुतेक चौथीतल्या मुलाभोवतीच फिरली, कारण त्याची अडचण डोळ्यांना दिसते.

पहिली सूचना आली ती जागा बदलायची : शाळेमागच्या सपाट माळावर सगळं करावं. वाईट नव्हती. पण गाव शंभर वर्षं जी राई राखतंय ती सोडून माळावर वनस्पती शिकवायच्या, आणि तेही एका मुलामुळे, हे इतर मुलांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसतं. ‘तुझ्यामुळे गेलो नाही’ हे वाक्य चौथीतली मुलं बोलून दाखवतात.

दुसरी सूचना राईतली पानं, शेंगा, साली शाळेत आणून मांडायची. ती समितीतल्या आजोबांनी एका वाक्यात निकालात काढली. राईतलं काही बाहेर येत नाही.

तिसरी, आणि सगळ्यांना पटलेली, म्हणजे डोली. इथं आजारी माणसाला, बाळंतिणीला अजूनही कधी कधी बांबूला घोंगडी बांधून रस्त्यापर्यंत आणतात. चार तरुण तयार होते, वडील तर पाठुंगळीवर न्यायलाही तयार होते. बैठकीत टाळ्या पडल्या, ठरावही लिहिला गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी ही खुशखबर मुलाला दिली. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, मला डोलीत नाय बसायचं. आज्जीला डोलीतनं नेलती.” आज्जी परत आली नव्हती.

या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथं झाला, तोही चुकीच्या क्रमानं. ज्याला न्यायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना आम्ही विचारून झालो होतो. ठराव रद्द करायला पुन्हा बैठक घ्यावी लागली. दोन तरुणांना थोडं वाईटही वाटलं.

मी त्याला विचारलं, मग कसं जायचं? तो म्हणाला, “चालून. पण थांबत थांबत.”

तारखेचा पेच

चौथीतल्या मुलासाठी फेब्रुवारी उत्तम : वाट कोरडी, ओढ्याला कमी पाणी. पण फेब्रुवारीत कातकरी मुलं गावात नसतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी सरली की बिऱ्हाडं भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट बरा, पण तेव्हा या वाटेवर धड पायांची माणसंही घसरतात.

‘सर्वांसाठी’ म्हणताना एकासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या मुळावर येते, हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींचं म्हणणं, पाच मुलं तशीही वर्षातले कित्येक महिने नसतात, त्यांना धरून तारीख कशी ठरवणार? हिशेब म्हणून ते बरोबर होतं. पण याच हिशेबानं ती मुलं स्नेहसंमेलनातूनही जातात, फोटोतूनही जातात आणि शेवटी पटावरूनही जातात.

मधला मार्ग म्हणून दसरा ते दिवाळी हा पट्टा धरला. पाऊस सरत आलेला, बिऱ्हाडं अजून गावात, सहामाही परीक्षा तोंडावर पण सुरू न झालेली. ऑक्टोबरमधला तिसरा शनिवार. परतीच्या पावसाचा धोका होता, तो पत्करला.

पाहणीचा रविवार

आधीच्या महिन्यातल्या एका उघडिपीच्या रविवारी मी, तो मुलगा आणि त्याचे वडील वाट चालून आलो. सव्वा-दीड किलोमीटर गाडीरस्ता आहे, तिथवर पिकअप जातो. पुढे तीनशे मीटर पायवाट, मध्ये ओढा, मग चढ, मग राईची दगडी वेस.

तीनशे मीटरला आम्हाला अडतीस मिनिटं लागली. तो सहा वेळा बसला. मी नुसती वेळ लिहीत होते. चौथ्या बैठकीला, एका खडकावर, वडिलांनी बिडी काढली आणि मला सहज खाली पाहायला सवड मिळाली. खडकावर राखाडी-हिरव्या दगडफुलाच्या चकत्या होत्या, एकीच्या कडेला दुसरी, नकाशासारख्या. या वाटेनं मी चारदा गेले होते, पण हा खडक पाहिलेला आठवत नव्हता.

परत येताना योजना डोक्यात तयार झाली. तो जिथं बसला तिथंच सगळ्यांनी थांबायचं. सहा बैठका, सहा थांबे, प्रत्येक थांब्यावर काहीतरी करायचं काम. त्याच्यासाठी कुणी खोळंबायचं नाही, कारण तो दमेल तिथं सगळ्यांचं कामच असणार. मुलांना हे सांगायचंही नाही.

गाडीरस्त्याचा प्रश्न असा सोडवला : पाण्याचे कॅन, खिचडीचं पातेलं, सतरंज्या घेऊन एक पिकअप जाणारच होता. त्यात मावशींबरोबर पाच मुलं बसतील, चिठ्ठ्या टाकून. चौथीतल्या मुलाची चिठ्ठी ठरलेली, बाकी चार खरोखर नशिबाची. ही छोटी लबाडी मी केली आणि पुन्हाही करेन. गाडीत एकटाच बसला असता तर तो ‘गाडीतला’ झाला असता. चिठ्ठ्या टाकल्यावर गाडी ही चैन झाली आणि न निघालेली मुलं रुसली.

पिकअप दिवसभर रस्त्याच्या टोकाला उभाच ठेवायचा असंही ठरलं. वाटेवर मोबाइलला रेंज नाही. १०८ ला फोन लावायचा तर चढाच्या माथ्यावर जावं लागतं आणि रुग्णवाहिका यायला वेळ लागतो. साप चावला, आग्या मोहोळ उठलं, तर गाडी हाताशी हवी. डिझेल आणि चालकाची रोजी मिळून बाराशे रुपये समितीनं दिले. कुणी कुरकुर केली नाही, कारण ही सोय सगळ्यांच्या मुलांसाठी होती.

ओढ्यावर गावकरी पावसाळ्यात दोन दांड्यांवर फळ्या टाकून साकव करतात. वॉकरचे पाय मोजले, फळ्यांची रुंदी मोजली. एक फळी वाढवावी लागली.

पायताणाचा प्रश्न

राईच्या वेशीवर चपला काढतात. चामड्याचं तर काहीच आत नेत नाहीत. रविवारी आम्ही वेशीपर्यंतच गेलो होतो. पुजारीबाबा तिथं होते, त्यांनी मुलाच्या पायांकडे पाहिलं. कॅलिपरच्या पट्ट्या बुटात बसवलेल्या असतात. बूट काढला तर कॅलिपर निघतो, आणि कॅलिपर निघाला तर तो उभा राहू शकत नाही. बूट चामड्याचे होते, शिवाय एक नंबर लहान. माप घेतलं त्यानंतर साधन हातात येईपर्यंत पाय वाढला होता.

वडील लगेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, तो हितंच बसंल.” म्हणजे पुन्हा ताटल्या.

मी बाबांना काही पटवायला गेले नाही. एवढंच विचारलं, “बाबा, यावर काय करता येईल?” ते म्हणाले, देवाला विचारून सांगतो. आठ दिवसांनी निरोप आला. बूट धुऊन आणायचे, वेशीवर नव्या फडक्यात गुंडाळायचे, मग आत.

केंद्रातल्या एका तरुण शिक्षकाचं मत होतं की हे विचारायलाच नको होतं. सरकारी शाळेचा कार्यक्रम देवाच्या परवानगीवर कशाला? मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. पण राई गावाची आहे आणि आम्ही तिथं पाहुणे होतो. विचारलं म्हणून वाट निघाली, असा मी तेव्हा निष्कर्ष काढला आणि त्यावर खूशही होते.

तो दिवस

आदल्या संध्याकाळी सहाला पाऊस आला. पाऊण तास, चांगला सडसडून. सकाळी सातला शाळेसमोर मुलं जमली आणि आम्ही मोठी माणसं भांडत उभी राहिलो. मुख्याध्यापक रद्द करा म्हणत होते, मी नको. कुणी ठरवायचं आणि कशावरून ठरवायचं हे आधी ठरलंच नव्हतं. शेवटी चौथीतल्या मुलाचे वडील सायकलवर जाऊन वाट बघून आले, “निसरडी हाय, पण जातंय” म्हणाले, आणि ऊन पडेपर्यंत थांबून साडेआठला निघालो. मुलाला उचलावं लागलं तर ते त्यांनाच उचलावं लागणार होतं, म्हणून त्यांचा शब्द धरला. पण निर्णयाची ही पद्धत बरी नव्हती.

कातकऱ्यांची पाचपैकी तीन मुलं आली नाहीत. मुकादमाचा टेम्पो गुरुवारीच आला होता.

थांबा पहिला, गाडीरस्त्याच्या टोकाचं ऐनाचं झाड. डोळे मिटून खोडावर हात फिरवायचा. ऐनाची साल चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. इथं मी शिक्षकांना एक नियम सांगून ठेवला होता : बोलताना सूर्य तुमच्या तोंडावर आणि मुलांच्या पाठीवर. त्यामुळे सहावीतल्या मुलाला तुमचे ओठ उजेडात दिसतात आणि पाचवीतल्या मुलीच्या डोळ्यांत ऊन जात नाही. एका नियमात दोघांचं काम. शिक्षकांचे डोळे किलकिले झाले, पण टोप्यांच्या झापाखाली तोंड लपवू दिलं नाही.

दुसरा थांबा वारुळाचा, तिथं फारसं काही झालं नाही.

तिसरा ओढा. दहा पावलांवर दोन काठ्या रोवून पानांच्या होड्या सोडल्या आणि वेळ मोजली. सहावीतल्या मुलाचं यंत्र इथं कुचकामी ठरलं. पाण्याचा खळखळाट त्याच्या कानात इतका मोठा होऊन जातो की त्यानं ते काढूनच खिशात ठेवलं. होड्यांना आवाज लागत नाही, त्यामुळे बिघडलं नाही. आलेल्या दोन कातकरी मुलांपैकी एक सातवीतला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर “तू जंगलातला, तू सांग रे, खेकडा कुठं राहतो” असं म्हटलं आणि तो मान खाली घालून गप्प झाला. पाच मिनिटांनी मी पाहिलं तर काठच्या बिळापाशी चार पोरांना घेऊन बसला होता आणि बिळाच्या तोंडाशी पडलेल्या ताज्या चिखलाच्या गोळ्या दाखवत होता. खेकडा आत आहे की नाही ते त्या ओल्या गोळ्यांवरून कळतं. त्याला जंगलातला म्हटलेलं नको होतं. त्याला फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

साकवावर आमची फजिती झाली. वॉकरची रुंदी मोजली होती, पण वॉकर धरल्यावर बाहेर येणारे कोपर कुणी मोजले नव्हते. एका बाजूच्या हातदोरीला कोपर अडकू लागला. दोरी सोडावी लागली आणि वडील ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरून बाजूनं चालले.

चौथा थांबा तो खडक. पाचवीतल्या मुलीकडे वाचायचं भिंग आहे. वर्गात ती ते दप्तराच्या आड धरून वापरते, मुलं हसतात म्हणून. तिला खडकावर दगडफूल बघायला भिंग काढायला सांगितलं. तिनं बघितलं, शेजारणीला दिलं, शेजारणीनं “आयो!” म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं भिंगासाठी रांग लागली. रांग तिनं लावली. कुणी किती वेळ बघायचं तेही तीच ठरवत होती, आणि चांगली कडक होती.

पाचवा थांबा वेशीच्या अलीकडे. दोन मिनिटं गप्प बसून ऐकू येणारे आवाज मोजायचे. हा थांबा माझा, माझ्या हस्ताक्षरात कागदावर लिहिलेला. सहावीतला मुलगा माझ्याकडे बघत होता तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय लिहून ठेवलंय. विशेष शिक्षिका मी! मी काही बोलायच्या आत त्यानं आपला डाव बदलला. बोटांवर तो हलणाऱ्या गोष्टी मोजू लागला. बाकीच्यांचे आवाज सात-आठवर संपले, तो चौदावर गेला आणि चौदाव्याला त्यानं वर बोट केलं. फांदीवर शेकरू होतं, लांब शेपूट लोंबकळत. एकाही कान धड असलेल्याला त्याचा पत्ता नव्हता.

मग वेस. बूट धुतलेले होते, वडिलांनी नवं पांढरं फडकं आणलं होतं. गुंडाळलं, गाठ मारली, आणि तिसऱ्या पावलाला ओल्या पाल्यावर फडकं सरकलं. वडिलांनी काखेत हात घातला म्हणून तो पडला नाही. फडक्यासकट आधी चालून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. पुजारीबाबांनीच स्वतःच्या मुंडाशाची सुतळी काढून फडकं घोट्यापाशी आवळून बांधलं आणि पुढे चला म्हणून हात केला.

सहावा थांबा राईच्या आत, गारंबीच्या वेलापाशी. वेल कसला, माणसाच्या मांडीएवढा पिळलेला दोर, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला. विज्ञान पेटीतला तापमापक बाहेर उन्हात ३१ दाखवत होता, आत २६. पाचवीतल्या मुलीनं सावलीत आल्यावर टोपी काढली, मैत्रिणीचा हात सोडला आणि एकटी वेलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली. तिच्या आईला पटेना, कारण आईनं तिला कायम अंगणातल्या उन्हात चाचपडतानाच पाहिलं होतं.

चौथीतला मुलगा वेलावर बसला. तीनशे मीटरला या वेळी एक तास दहा मिनिटं लागली होती. कुणीही घाई केली नाही, कारण कुणालाच कळलं नाही की उशीर होतोय.

काय साधलं, काय नाही

बावन्नांपैकी सेहेचाळीस आली. कातकऱ्यांची तीन गेली, एक मुलगा आजारी होता, आणि सातवीतल्या दोन मुली आल्या नाहीत. एकीनं ‘पोटात दुखतंय’ असा निरोप पाठवला होता.

सोमवारी पुन्हा दहा ओळी लिहायला दिल्या. चौथीतल्या मुलानं सतरा लिहिल्या, त्यातल्या सहा ओळी पिकअपबद्दल. शाळेत त्याची चाल सुधारली वगैरे काही नाही. तसं व्हावं म्हणून हे केलंही नव्हतं. पाचवीतली मुलगी भिंग आता बाकावर उघडं ठेवते. सूर्य तोंडावर घेऊन बोलण्याचा नियम दोन शिक्षक वर्गातही खिडकीच्या हिशेबानं पाळतात, तिसऱ्यांना आठवण करावी लागते.

भट्टीवर गेलेल्या तिघांचं काहीच साधलं नाही. दिवाळीनंतर भट्टीजवळच्या शाळेत त्यांची नावं दाखल व्हावीत म्हणून मी शिक्षण हमी पत्रक (गाव सोडून जाणाऱ्या मुलाला तिथल्या शाळेत घ्यावं यासाठीचा कागद) दिलं होतं. एक दाखल झाला.

डिसेंबरात मावशींशी बोलताना सातवीतल्या मुलींचा विषय सहज निघाला. मावशी तांदळातून नजर न काढता म्हणाल्या, “राईला कशा येतील त्या दिवसांत? मागल्या सालीबी दोघी ऱ्हायल्याच की.” मागल्या साली हजेरीत ज्या दोन नावांपुढे नुसतं ‘गैरहजर’ होतं आणि ज्यांबद्दल मी विचारलं नव्हतं, त्या. त्यातली एक या वर्षी पुन्हा होती.

आम्ही बुटासाठी देवाला विचारलं. पाळीसाठी कुणी विचारलं नाही. समितीत तीन बाया आहेत, मी बाई आहे, माझ्या स्वतःच्या सासरी हा नियम आहे. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणाच्याच तोंडी आलं नाही. बुटाचा प्रश्न पुरुषांनाही दिसत होता, त्यामुळे त्यावर उपाय निघाला. आणि दिवस ज्या कॅलिपरमुळे नव्यानं आखला, त्या कॅलिपरकडे बघण्याच्या नादात मी बाकी यादीच मिटवून टाकली होती.

पुन्हा करायचं झालं तर

मुलाला पहिल्यांदा विचारायचं, समितीला नंतर. पाऊस आला तर कुणी आणि किती वाजता ठरवायचं ते आठवडाभर आधी लिहून ठेवायचं. पाहणीच्या दिवशी खऱ्या दिवसाचं सगळं अंगावर घेऊन चालायचं, फडक्यासकट, कोपरांसकट. कातकरी वस्तीसाठी तारीख शाळेत न ठरवता वस्तीत जाऊन मुकादमाच्या टेम्पोच्या आधीची ठरवायची. दसऱ्यानंतर नाही, दसऱ्याच्या आधी. वाट थोडी ओली असेल, पण साकव आता रुंद आहे.

राईबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. तो तरुण शिक्षक म्हणतो, जी जागा महिन्यातले काही दिवस मुलींना नाकारते तिथं शाळेनं जाऊच नये. मुख्याध्यापक म्हणतात, मग गावातल्या निम्म्या जागा सोडाव्या लागतील. मला वाटतं दिवसाचा मुक्काम ओढ्याकाठी हलवावा. खिचडी तिथं, होड्या तिथं, खेकडे तिथं, दगडफुलाचा खडक तिथून पन्नास पावलांवर. राई हा फक्त शेवटचा वीस मिनिटांचा फेरा, ज्याला जायचं त्यानं जावं. काठावर थांबणाऱ्यांसाठी तेवढंच चांगलं काम, आणि तिथं थांबायला एक शिक्षिका. एखादीला थांबायचं तर ती एकटी पडणार नाही, कारण चार मुलं होड्यांच्या नादानं थांबणारच. पुजारीबाबांशीही बोलायचं आहे. बुटाचं विचारायला जमलं, तसं हे जमेल का, मला सांगता येत नाही.

या वर्षीच्या पालकांच्या चिठ्ठीत मी एक ओळ घातली : ‘ज्यांना राईत जायचं नसेल त्यांनी ओढ्याकाठी थांबावं, कारण सांगायची गरज नाही.’

मुख्याध्यापकांनी कच्चा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “मॅडम, यातून तुम्हाला काय म्हणायचंय ते कळेल का कुणाला?”

मावशी दाराशी ताटल्या पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “आयांना कळंल.”